रकान्यात काय लिहिलंस

चि. रूथ हिला आईचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

परवा फोनवर मी नीट बोलले नाही. तू रात्रपाळी करून आलेली, डोळे मिटत होते तुझे आणि मी ते एकच घेऊन बसले. फोन ठेवल्यावर दादा म्हणाला, आई तिला जर्मनीला जाऊन तीन आठवडे नाही झाले, जेवली का झोपली का ते तरी आधी विचारायचंस. खरंय त्याचं. तर जेवतेस ना? मेतकूट सांडलं नाही ना बॅगेत? तेवीस किलोत बसवायचं म्हणून बेबीआत्याच्या काट्यावर चार वेळा बॅग लटकवली आपण आणि शेवटी तू स्वेटर काढून चटणी ठेवलीस, तेव्हा मी ओरडले होते, आता वाटतं बरं केलंस. स्वेटर तिथे मिळेल, कारळ्याची चटणी नाही मिळायची.

दादाने मोबाईलमध्ये मराठी कीबोर्ड टाकून दिलाय पण जोडाक्षरं करताना जीव जातो. एकतीस वर्षं पोरींच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या आणि आता माझंच बघ. चुका दिसल्या तर हसू नको.

त्या फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्याबद्दल ह्या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. दुसरंच सांगायचंय.

इकडे पाऊस एकदाचा थांबला. परसातल्या पेरूला यंदा एवढे पेरू लागलेत की खारी खाऊन कंटाळल्या. मागच्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना झाली. मी भोपळा आणि मेथीच्या चार जुड्या नेल्या होत्या, तो आपल्या कुंपणावरचा भोपळा गं, तू म्हणायचीस ह्याला आडनाव द्या आता एवढा मोठा झालाय. उपासनेनंतर लिलावात सातशे रुपयांना गेला! दाताच्या डॉक्टरांनी घेतला, बायको नको म्हणत होती तरी. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं, आपल्या मंडळीची मुलगी परदेशात आजाऱ्यांची सेवा करायला गेली आहे असं म्हणाले. मी डोळे मिटले होते पण मान आपोआप ताठ झाली बघ. नंतर बाहेर चहा पिताना न विचारताच सगळ्यांना सांगत सुटले की जर्मन भाषेची बी टू परीक्षा एका फटक्यात पास झाली, पुण्याला क्लास, ड्युटी करून रात्री अभ्यास. एका दमात सांगितलं. मग पाळकीणबाईंनी साधाच प्रश्न विचारला, तिच्या घराजवळ चर्च आहे का हो? मी म्हटलं हो आहे ना, आणि पुढचं मला काही सुचेना. कप तसाच ठेवून आले घरी.

म्हणजे बघ, आलाच तो रकाना.

तू सहज बोललीस गं, मला माहितीये. घर घेतलं की दोन आठवड्यांत सरकारी ऑफिसात नाव नोंदवावं लागतं, त्या फॉर्मवर धर्म विचारतात, प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक लिहिलं की पगारातून चर्चचा टॅक्स कापतात, म्हणून मी ‘काही नाही’ लिहिलं, सगळेच लिहितात आई. आणि लगेच तू कपडे धुवायच्या मशीनचं सांगायला लागलीस. मी मशीनचं काहीएक ऐकलं नाही. मी आधी समजले पगाराच्या नऊ टक्के कापतात, म्हटलं बापरे, पोरगी कर्ज फेडणार कशी. दादाने मोबाईलवर बघून सांगितलं की पगाराच्या नाही, जो इन्कम टॅक्स बसतो त्याच्या नऊ टक्के, दोन राज्यांत तर आठच. म्हणजे आपल्या दशांशापेक्षा कितीतरी कमी झालं की! इथे पहिल्या पगारापासून तू पाकिटात घालून दहावा हिस्सा आधी बाजूला काढायचीस, मी सांगावंसुद्धा लागलं नाही कधी. तर पैशाचं कारण मला पटत नाही. राग नको धरू. पण पैशाचं असतं तर तू माझ्याकडे बघून बोलली असतीस. तू त्या वेळी कॅमेरा खिडकीकडे केलास.

आता बाबांचं सांगते, म्हणजे मला एवढं का लागलं ते कळेल. तुला अर्धं माहीत आहे, अर्धं नाही.

बाबा मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या आणि भास्करकाकांच्या दाखल्यात एकच फरक होता, धर्माचा रकाना. एका आज्याची नातवंडं, एकाच वस्तीत वाढलेली, जातीचा काच दोघांनाही सारखाच. पण १९५० सालचा राष्ट्रपतींचा आदेश असा की हिंदू असाल तरच अनुसूचित जातीची सवलत. पुढे १९५६ ला त्यात शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले, ख्रिस्ती अजून बाहेरच. काकांच्या घरी कागदावर हिंदू लिहिलेलं होतं, त्यांना फी माफ झाली आणि नंतर जिल्हा परिषदेत चिकटले. बाबांच्या दाखल्यावर आजोबांनी ख्रिस्ती लिहिलं होतं. हेडमास्तर चांगले होते बिचारे, त्यांनी आजोबांना बोलावून सांगितलं की अजून वेळ आहे, पोरगं हुशार आहे, बदलून घ्या, देवाला काय कागद दिसतो का. आजोबा म्हणाले देवाला नसेल दिसत, पोराला दिसेल. झालं. बाबांचं कॉलेज तिथेच राहिलं आणि मग एमआयडीसीत फिटर, खाजगी कंपनी, तीन शिफ्ट, २०१८ पर्यंत.

काकांना मी नावं ठेवत नाही हां. काका दर रविवारी चर्चमध्ये तबल्यावर बसायचे, त्यांच्यासारखा ठेका कोणाचा नाही. कागदावर एक आणि रविवारी एक असं निम्म्या वस्तीचं होतं, पोट असतं माणसाला. बाबांनीसुद्धा काकांना कधी ‘ख्रिस्ती आहेस ना मग लिही’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट मीच चिडायचे. तुझं नर्सिंगचं कर्ज काढलं तेव्हा चिडून म्हटलं होतं की त्या रकान्यात तुमच्या वडलांनी दुसरं काही लिहिलं असतं तर आज व्याज भरायची वेळ आली नसती. बाबा जेवत होते. भाकरी मोडता मोडता म्हणाले, व्याज भरू की. बस एवढंच.

म्हणून लागलं मला. त्या घरातली मुलगी तू.

आता हे वाचून तू म्हणशील आई लेक्चर देतेय आणि मेलेल्या माणसाला मध्ये आणतेय. हो, आणलं. चुकलं माझं. तुझा फॉर्म आणि आजोबांचा दाखला एका तराजूत घालायला नको होता, तुझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही आणि कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. खोडून टाकणार होते वरचं सगळं पण मग म्हटलं राहू दे, एवढी जोडाक्षरं टाइप केलीत.

पण रूथ, मला माहितीये की हे टॅक्सचं नाही. माझ्या मनात जे आहे ते तुझ्याही मनात आहे आणि साडेचार वर्षं आपण दोघी त्याच्या भोवतीने झाडून काढतोय.

ती चिठ्ठी.

२०२० चा डिसेंबर. रात्रीची संचारबंदी होती म्हणून वॉच नाइटची, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्रीची उपासना संध्याकाळीच उरकली, मास्क लावून, बाकावर दोघं दोघं. तरी बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांचं तबक फिरलं. दरवर्षी तू आणि दादा भांडायचात आधी कोण उचलणार, त्या वर्षी तू पुण्याला ड्युटीवर होतीस, तुझी मी उचलली. बाबांना निघालं एक्याण्णवावं स्तोत्र. बाजूला हजार पडले, उजव्या हाताला दहा हजार पडले तरी ती मरी तुझ्याजवळ येणार नाही, ते. कोरोनाच्या वर्षात! अख्खी मंडळी आमच्याभोवती जमली, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. बाबा मात्र हसून म्हणाले, सगळं स्तोत्र वाचलं पाहिजे, एक ओळ कापून देतात हे लोक, कापडाच्या दुकानात नमुना देतात तसं. मी त्यांना गप्प केलं. ती चिठ्ठी मी देवघरात… बघ, सासूबाईंचा शब्द आला, आपल्याकडे कसलं देवघर, कपाटात बायबल ठेवतो त्या कप्प्याला त्या शेवटपर्यंत देवघरच म्हणायच्या. तिथे चिकटवली.

आणि मग एप्रिल.

तुला सगळं पाठ आहे, मी कशाला सांगू. पण माझ्या बाजूने तू कधी ऐकलं नाहीस. बाबांच्या छातीच्या स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी अठरा आला तेव्हा मला अठरा म्हणजे चांगले मार्क वाटले होते, शाळामास्तरीण ना मी. दादा इंजेक्शनसाठी गावभर फिरत होता, रात्री दोनला घरी येऊन पायरीवर बसून राहायचा. आणि मी? मी त्या चिठ्ठीवर हात ठेवून बसलेली असायचे. सकाळ संध्याकाळ मोठ्याने वाचायचे. कोणाचा फोन आला की सांगायचे, काही काळजी करू नका, आम्हाला वचन मिळालंय.

सोळा तारखेला तुझा फोन आला. तू वॉर्डातून बाहेर येऊन, त्या प्लास्टिकच्या ड्रेसमधून निघून बोलत होतीस, केस सगळे डोक्याला चिकटलेले. तू म्हणालीस, आई, मी रिपोर्ट बघितले. आज व्हिडिओ कॉल लावून देतील त्यांना तेव्हा बाबांशी बोलून घे. मनातलं जे असेल ते बोलून घे.

आणि मी काय म्हणाले ते मी आजपर्यंत कोणापुढे उच्चारलेलं नाही, पाळकसाहेबांपुढे पण नाही. मी म्हणाले तू नर्स असशील, पण मला देवाने वचन दिलंय, आणि तुझ्यासारख्यांच्या अविश्वासामुळेच वचनं खोटी पडतात.

तू काही बोलली नाहीस. फोन चालू होता, मागे कोणाचं तरी मशीन वाजत होतं.

संध्याकाळी तिथल्या सिस्टरने बाबांच्या तोंडासमोर फोन धरला. चार पाच मिनिटं मिळाली असतील. मी ते स्तोत्र वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्या आवाजात, वर्गात वाचतात तसं. एकोणचाळीस वर्षांचा संसार आणि मी त्या माणसाला एक शब्द माझा बोलले नाही. त्यांनी मास्क जरा सरकवला आणि विचारलं, पाण्याची मोटर बंद केली का. मी म्हटलं हो. मग फोन गेला. अठराला पहाटे ते गेले.

दफनाला चारच माणसं. तू पोचलीस तेव्हा माती टाकून झाली होती. तू माझ्या गळ्यात पडली नाहीस, मला वाटलं कोरोनामुळे लांब राहतेय. तेरा चौदा दिवसांनी कळलं की तसं नाही.

बाळा, बाबा तुझ्यामुळे गेले नाहीत. तुझ्या विश्वासाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. तू विश्वास ठेवला नाहीस असंही नाही, तू खरं बोललीस, आणि खरं बोलणाऱ्या पोरीला मी देवाचं नाव घेऊन मारलं. बाबांशी बोलून घे असं तू सांगितलंस ना, मला आता वाटतं त्या आठवड्यात देव माझ्याशी कोणाच्या तोंडून बोलला असेल तर तुझ्याच. मी चिठ्ठीकडे बघत राहिले. साडेचार वर्षं लागली मला हे लिहायला. मला क्षमा कर. फोनवर नसतं म्हणता आलं.

आता थोडं थांबले होते, चहा घेतला. तोंड धुऊन आले.

तू नंतर एकदा म्हणालीस की आई ती चिठ्ठी म्हणजे लॉटरीचं तिकीट गं, लागलं तर देव चांगला, नाही लागलं तर आपला विश्वास कमी. तेव्हा मी तुला पाप लागेल म्हणाले. पण ते डोक्यातून जाईना. दोन वर्षं मी तबकात हात घातला नाही, पुढे सरकवून द्यायचे, पाळकीणबाई बघायच्या पण बोलल्या नाहीत.

मग एका लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, पाळकसाहेबांनी मत्तयचा चौथा अध्याय घेतला, प्रभूची परीक्षा. शंभरदा ऐकलेला. सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो टाक उडी, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय. पाळकसाहेब सहज म्हणाले, हे वचन कुठलं आहे माहितीये का, एक्याण्णवाव्या स्तोत्रातलं. रूथ, माझ्या अंगावर काटा आला. आमचंच स्तोत्र! बाबांची चिठ्ठी! सैतानाच्या हातात तीच चिठ्ठी होती, आणि प्रभूने उडी मारली नाही. वचन खोटं आहे असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला देवाची परीक्षा पाहू नको. आणि पुढे त्यालाही कोणी झेललं नाही, खिळे ठोकले ते ठोकलेच. मी बाकावर बसून मोजत होते की मी किती वेळा उडी मारली त्या महिन्यात, आणि एकटी मारली नाही, तुला पण ढकललं.

हे मला आधी का कोणी सांगितलं नाही? म्हणजे बाबांनी सांगितलं होतं, सगळं स्तोत्र वाचा म्हणून. घरी येऊन वाचलं. त्यात शेवटी देव म्हणतो की संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे संकट येणार हे त्याच स्तोत्रात आहे. आमच्या चिठ्ठीवर ती ओळ नव्हती.

जवळ होता का देव त्या वॉर्डात? तू विचारशील. मला माहीत नाही गं कसं सांगू. ती सिस्टर होती. तुझ्याएवढीच असेल, चेहरा दिसला नाही, हातमोजा दिसला फक्त. आणि पुण्यात दुसऱ्या कोणाच्या तरी बाबांपुढे तू फोन धरून उभी होतीस. मला ह्याच्यापेक्षा मोठं उत्तर अजून सापडलं नाही.

केडगावची ट्रिप आठवते का? दौंडच्या पुढे ती पॅसेंजर अर्धा तास उभी राहिली होती आणि दादाने सगळी भेळ एकट्याने खाल्ली होती. मुक्ती मिशनमध्ये बाबांनी तुम्हाला पंडिता रमाबाईंचं सगळं सांगितलं. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तर १८८२ ला नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातल्या पोरी गोळा करून आणल्या, छापखाना काढला, हिब्रू ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत केलं. आणि जिच्या हातात सगळं द्यायचं ती मनोरमा १९२१ ला आधी गेली, त्या १९२२ ला. तू तेव्हा चौथीत होतीस. तू विचारलंस, एवढे सगळे मेले तरी त्या देवावर रुसल्या नाहीत का? तिथले गाइड गडबडले. बाबा म्हणाले, रुसल्या असतील, सगळंच थोडी कोणी लिहून ठेवतं. मला तेव्हा आवडलं नव्हतं ते उत्तर, पोरांना असं सांगतात का. आता आवडतं.

तर तू पण रुसली असशील तर रुस. मार्था नाही का, प्रभू गावाच्या वेशीवर पोचला नाही तोच तोंडावर बोलली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. चार दिवस उशिरा आला होता तो. पण ती बोलली त्याच्याशीच ना. घरात बसून रकान्यात ‘काही नाही’ लिहिलं नाही तिने.

गेलं परत तिकडेच. माझं मेलीचं तोंड.

बरं ऐक, ह्या वर्षी मी तबकात हात घातला होता, तुला सांगितलं नाही. माझ्यासाठी निघालं ते जाऊ दे. तुझ्या नावाने उचलली तिच्यात यिर्मया एकोणतीस अकरा निघालं. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. सगळ्यांच्या लग्नपत्रिकेवर असतं ते. तेव्हा व्हिसाचं काहीच हललं नव्हतं, आधीची मी असते तर मंडळीभर सांगितलं असतं की व्हिसा होणार. ह्या वेळी घरी येऊन आख्खा अध्याय वाचला, पहिल्या ओळीपासून, बाबांच्या बायबलमध्ये. आणि ते पत्र आहे गं! यिर्मयाने यरुशलेमेतून बाबेलला लिहिलेलं, धरून नेलेल्या आपल्या लोकांना. तो काय लिहितो, तर घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लवकर परत याल असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सत्तर वर्षं लागतील. सत्तर! आणि त्याच्या पुढच्या ओळीत ते हिताचे संकल्प. म्हणजे ज्यांनी ते पत्र हातात घेऊन वाचलं त्यातली बहुतेक माणसं तिथेच मेली असतील परक्या मातीत, त्यांच्या नातवंडांनी परतीची वाट धरली. तरी ते वचन त्यांचंच होतं.

बाबांनी त्या पानावर पेन्सिलीने खूण केलीय, नुसती उभी रेघ, सातव्या ओवीला. शहरासाठी प्रार्थना करा तिथे. अकराव्याला नाही. कधी केली असेल कोण जाणे.

ह्यातून तुला काय सांगायचंय ते मला नीट जुळवता येत नाही. पूर्वी मी वचन म्हणजे पावती समजायचे, ही दाखवा आणि माल घेऊन जा. आता रोज सकाळी उठते, परसात पाणी घालते, आणि तुझ्या त्या गावाचं नाव घेऊन प्रार्थना करते, उच्चार चुकीचाच करत असेन. तुझ्या त्या म्हाताऱ्या पेशंटसाठी पण करते, ती तुला भिंतीकडे तोंड करून शिव्या देते म्हणालीस ना, तिच्यासाठी. तुझ्या बसच्या ड्रायव्हरसाठी करते. बाबांना मी परत मागत नाही. विश्वास मोठा झालाय असं नाही वाटत मला, उलट लहान झालाय, पण आता तो हातात मावतो. चिठ्ठी काढून टाकली कपाटावरून, डिंकाचा डाग राहिलाय.

तुझं नाव बाबांनी ठेवलं होतं. सासूबाईंना एस्तेर हवं होतं, राणीचं नाव. बाबा म्हणाले रूथच, परक्या मुलखात जाऊन शेतातला सरवा वेचणारी, कष्टाची पोरगी. मला तेव्हा वाटलं हा कसला आशीर्वाद. आता तू खरंच गेलीस, तेही लोकांचे अंथरूण बदलायला. मला अभिमान वाटतो, आणि रात्री साडेतीन तासांचं गणित करून जागी बसते की आता ही ड्युटीवर निघाली असेल, अंधारात, एकटी, आणि कोणी विचारलं तू कोण तर काय सांगेल.

मी रकान्याचं नाही म्हणत आहे. खरंच नाही. लिहिलंस ते लिहिलंस, बदलू नको माझ्यासाठी. बदलायचं वाटलं तर तुझ्यासाठी बदल. आणि नऊ टक्के जड वाटले तर मला सांग, माझी पेन्शन आहे. हसू नको, खरं सांगतेय.

एकच मागणं आहे. मागच्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मागे घंटा वाजत होती, मोठी, बराच वेळ. तू म्हणालीस थांब आई, खिडकी लावते, काही ऐकू येत नाहीये. आणि लावलीस. मला ती ऐकायची होती. आपल्या घंटेपेक्षा जाड आवाज आहे तिचा. येत्या रविवारी फोन केलास की ती वाजेपर्यंत खिडकी उघडी ठेव, आपण दोघी बोलायचं नाही, तू चहा पी, मी पण पिते.

स्वेटर घेतलास का? पैसे बघू नको, जाड घे. ओठ फुटत असतील तर साजूक तूप लाव, बेबीआत्याने दिलेल्या छोट्या डबीत आहे, चटणीच्या पिशवीतच.

आता ठेवते. आज पाण्याचा दिवस आहे, यायची वेळ झाली, मोटर लावायची आहे.

तुझी आई